कवड्यांचे दान आणि मोबाइलचा फासा : सीमाभागातील वाचनालयांना व मंडळांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी व परिसरातील मराठी वाचनालये, युवक मंडळे, महिला मंडळे आणि सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे यांचे सर्व पदाधिकारी व सभासद,

सप्रेम नमस्कार.

मोबाइलने आपले खेळ खाल्ले, हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी आपल्या गावोगावच्या साहित्य संमेलनांत, वाचनालयांच्या वार्षिक सभांत आणि गणपतीच्या मंडपातील व्याख्यानांत अनेकदा ऐकले आहे. यंदा एका मंडळाच्या बैठकीत, उत्सवाच्या काळात मंडपाच्या आवारात मुलांना मोबाइलवर खेळू देऊ नये, असा ठराव मांडला गेला आणि त्यावर फारशी चर्चा न होता हात वर झाले. मी त्या बैठकीत होते आणि मी हात वर केला नाही. त्या वेळी कारण सांगण्याची संधी मिळाली नाही, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे, आणि ते एकाच मंडळापुरते नसल्यामुळे आपणा सर्वांना उद्देशून लिहीत आहे.

मला मोबाइलवर खेळायला मनापासून आवडते, हे प्रथमच सांगते. माझी एक बहीण इचलकरंजीला आणि एक पुण्याला आहे. २०२० मधील टाळेबंदीत कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या हद्दीवर नाकेबंदी झाली, कोगनोळीच्या नाक्यावरून पुढे जाणे अवघड झाले, आणि एरवी सहज भेटणाऱ्या आम्ही बहिणी महिनोन्‌महिने एकमेकींना पाहू शकलो नाही. त्या दिवसांत रोज रात्री जेवणे आटोपली की आम्ही तिघी आणि आमची आई अशा चौघी लूडो खेळत असू. नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ मध्ये आणलेला लूडो किंग हा खेळ त्या काळात देशभर घरोघरी पोहोचला, त्याचे कारण माझ्या मते त्यातील रंगांपेक्षा हेच होते की दूर असलेल्या माणसांना पटाभोवती बसल्याचे समाधान त्यातून मिळत होते. आईला त्याआधी फोन उचलणे आणि ठेवणे एवढेच येत असे. लूडोसाठी ती बोट कुठे टेकवायचे ते शिकली. मोबाइलने खेळ खाल्ला, असे मी माझ्या आईसमोर कोणत्या तोंडाने म्हणावे?

तरीही काहीतरी हरवते आहे, हे मलाही जाणवते. परंतु जे हरवते आहे ते मोबाइलवर बंदी घालून परत मिळणारे नाही, आणि नेमके काय हरवते आहे हे आपण अजून नीट पाहिलेलेच नाही.

मी वडगावची, आमचे घर विणकरांचे. माझ्या लहानपणी वीज गेली की गल्लीतील यंत्रमागांचा खडखडाट एकदम थांबत असे, आणि त्या शांततेत बायका उंबऱ्याबाहेर येत. आमच्या दारातील शहाबादी फरशीवर पाच आडव्या आणि पाच उभ्या अशा पंचवीस घरांचा पट कायमचा कोरलेला होता. तो कोणी कोरला हे आज्जीलाही माहीत नव्हते. शेजारच्या कन्नड घरातील अक्का त्याला चौकाबारा म्हणत. आम्ही नुसते पट म्हणत असू. महाराष्ट्रात इतरत्र चल्लस आठ किंवा अष्टचंग या नावांनी हाच खेळ ओळखला जातो. प्रत्येक बाजूच्या मधल्या घरात फुली आणि अगदी मध्यभागी एक फुली, अशी पाच फुल्यांची घरे असतात. फुलीवर बसलेली सोंगटी मारता येत नाही. आपल्या फुलीपासून निघून बाहेरची सोळा घरे उलट्या दिशेने फिरायची, मग आतल्या आठ घरांत शिरून घड्याळाच्या दिशेने फिरायचे आणि शेवटी मधल्या घरात सोंगटी पिकवायची. सोंगट्या म्हणून बांगडीचे तुकडे, चिंचोके, खडे, लाकडाच्या ढलप्या, जे हाताशी असेल ते चाले. दान टाकायला मात्र चार कवड्या लागत. त्या आज्जीच्या पेटीत कापडाच्या पुरचुंडीत असत आणि खेळ संपला की मोजून परत जात.

चार कवड्यांपैकी जितक्या उताण्या पडतील तितके दान, चारही उताण्या पडल्या तर चार आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ, असा हिशेब असतो. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळते. आता प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता समसमान धरली, तर चार कवड्या एकूण सोळा प्रकारांनी पडू शकतात. त्यांतील सहा प्रकारांत दोनाचे दान येते, चार प्रकारांत एकाचे, चार प्रकारांत तिनाचे, आणि चाराचे व आठाचे प्रत्येकी एकाच प्रकारात. म्हणजे दोन वारंवार पडणार आणि आठ क्वचित, म्हणूनच आठ पडले की गल्लीभर ओरडा होत असे. फाशाच्या सहा बाजूंना मात्र सारखाच मान असतो. तिथे एक आणि सहा यांची शक्यता एकसारखीच, सहांत एक. त्यामुळे कवड्यांचा खेळ मोबाइलवर आणणाऱ्या प्रोग्रामरने यंत्राला एक, दोन, तीन, चार, आठ यांपैकी कोणताही आकडा सारख्याच शक्यतेने काढ, असे सांगितले, तर पट तोच दिसेल, सोंगट्या त्याच दिसतील, पण खेळ दुसराच होईल. आठ पाच वेळांत एकदा पडू लागेल आणि त्याचे अप्रूप संपेल. योग्य रीत अगदी सोपी आहे : यंत्राने चार कवड्या वेगवेगळ्या टाकाव्यात आणि मग उताण्या मोजाव्यात. आमच्या आज्जीच्या कवड्या झिजलेल्या होत्या, त्यांतील एक तर बहुतेक वेळा पालथीच पडे, आणि ती कोणती हे सगळ्यांना ठाऊक होते. तेवढे यंत्रात आणावे असा माझा आग्रह नाही. पण कवड्या आणि फासा यांतील हा फरक ज्याला कोणी सांगितलाच नाही, त्या मुलाला दोष देण्यात काय अर्थ आहे?

अशा पंचवीस घरांच्या खेळाची अ‍ॅप्स आज मिळतात. मी त्यांतील एक घेतले आणि दिवाळीच्या सुटीत माझ्या भाच्याबरोबर खेळायला बसले. आमच्या गल्लीत एक कडक नियम होता की समोरच्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. अक्कांच्या माहेरी तो नियम नव्हता, म्हणून प्रत्येक डावाआधी आज कोणाच्या नियमाने खेळायचे हे ठरत असे, आणि ते ठरवताना होणारी हुज्जत हा खेळाचाच भाग होता. मी भाच्याला म्हटले की तू अजून एकही सोंगटी मारलेली नाहीस, तेव्हा तुला आत जाता येणार नाही. त्याने पडद्याकडे पाहिले आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितले, “ह्यात तसं होईना की आत्या, ते आपसूक आतच जातंय.”

मला जे हरवताना दिसते ते हे आहे. खेळ राहतो, पण नियम ठरवण्याचा अधिकार खेळणाऱ्यांच्या हातून जातो. अंगणात नियम माणसे पाळतात, म्हणून माणसे ते बदलूही शकतात. मोबाइलमध्ये नियम यंत्र पाळते, आणि यंत्राला जो एक नियम सांगितला गेला तोच वडगावात, तोच विजापुरात आणि तोच वाशीत चालतो. याचा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. भांडणे होत नाहीत, कोणी हळूच सोंगटी सरकवू शकत नाही, आणि अनोळखी माणसाशीही निःशंकपणे खेळता येते. पण लिंबूटिंबूचे काय करावे? आपल्या प्रत्येक खेळात लहान भावंडासाठी ती जागा राखलेली असे. ते पळे, ओरडे, दान टाके, पण त्याच्यावर राज्य येत नसे आणि त्याची सोंगटी कोणी मारत नसे. पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या खेळात अपमान न होता सामावून घेण्याची ही रीत माझ्या पाहण्यातील एकाही अ‍ॅपमध्ये नाही. ती बसवणे तांत्रिकदृष्ट्या कठीण मुळीच नाही, एका खेळाडूची सोंगटी मारता येणार नाही एवढीच सोय द्यायची आहे. पण लिंबूटिंबू हा शब्दच ज्याच्या कानावर पडला नाही, त्याला ती सोय सुचणार कुठून?

खेळ एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना काहीतरी गळून पडणे हे आज प्रथमच घडत नाही. पचिशीचा चार हातांचा पट कापडाचा असे, फत्तेपूर सिक्रीच्या प्रांगणात तो दगडी फरशीवर आखलेला आजही पाहायला मिळतो. त्या खेळात सहा कवड्या टाकत, आणि सहाही पालथ्या पडल्या की पंचवीसचे दान मिळे, त्यावरूनच त्याचे नाव पडले. समोरासमोर बसणारे दोघे भिडू असत, त्यामुळे आपली सोंगटी मागे ठेवून भिडूला वाट करून देणे हा डावपेच त्यात महत्त्वाचा होता. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये त्याचे लूडो या नावाने पेटंट घेतले गेले तेव्हा कवड्यांच्या जागी फासा आला, पंचवीसचे दान गेले, आणि बहुतेक घरांत जो तो आपल्यापुरता खेळू लागला. मोबाइलने उचलला तो हा लूडो, पचिशी नव्हे. सापशिडीचेही तेच झाले. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या मोक्षपटात घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे असत, कोणत्या दोषाने माणूस किती खाली घसरतो हे पटावरच वाचायला मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडमधील छापील खेळांत गेला आणि पुढे नावे जाऊन निव्वळ आकडे उरले. त्या दोन्ही वेळी आपल्याला कोणी विचारले नव्हते. आज मात्र छापखान्याची, भांडवलाची किंवा परवानगीची गरज नसताना हे खेळ आपले आपणच पडद्यावर नेऊ शकतो, आणि काय न्यायचे हेही आपणच ठरवू शकतो.

सगळेच खेळ नेता येतील असे मी म्हणत नाही. ज्या खेळाची सगळी स्थिती घरे आणि सोंगट्या यांत मावते तो पडद्यावर सुखाने नांदतो. बुद्धिबळ हे त्याचे उत्तम उदाहरण : लिचेससारख्या विनामूल्य आणि मुक्त संकेतस्थळावर खानापूर तालुक्यातील एखाद्या वाडीवरचा मुलगा रात्री दहा वाजता जगातल्या कोणाशीही बरोबरीने खेळू शकतो. कॅरम अर्धाच जातो, कारण बोटाची टिचकी आणि पावडरीवरून घसरणारी सोंगटी यांच्या जागी तिथे निशाणाची रेघ येते. खो-खोला तर मैदानच हवे, आणि त्याचे सध्या बरे चालले आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले.

विटीदांडूची मात्र मला काळजी वाटते. टोकावर दांडू मारून विटी वर उडवणे आणि ती हवेत असतानाच टोलवणे हे मनगटाचे काम आहे, पडद्यावर बोट फिरवून ते शिकता येत नाही. पण त्या खेळाजवळ दुसरी एक ठेव आहे. आपण विटीचे अंतर दांडूने मोजताना एक, दोन, तीन म्हणत नसू, वकट, लेंड, मूंड, नाल असे म्हणत असू. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे अंक शेजारी ठेवले की हे शब्द कोणत्या घरचे ते लगेच कळते, आणि कन्नडमधील मूरु, नाल्कु हीदेखील त्याच गोतातील. मराठी मुले पिढ्यान्‌पिढ्या द्राविडी अंकांनी आपला डाव मोजत आली आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. आपल्या भागात भाषेच्या प्रश्नावर आपण सर्वांनी खूप सोसले आहे, त्याबद्दलची माझी मते आपल्यापेक्षा वेगळी नाहीत. परंतु लगोरीला कन्नडमध्येही लगोरीच म्हणतात, आपल्या गजग्यांना ते गज्जुग म्हणतात, आणि विटीदांडूला चिन्नीदांडू म्हणतात. हे शब्द जपायचे तर दोन्ही बाजूंचे जपावे लागतील, कारण खेळ त्याच अंगणात दोन्ही भाषांत खेळला गेला आहे.

पैशांच्या खेळाबद्दलही थोडे लिहिले पाहिजे, कारण बैठकीतील ठरावामागे तीच खरी भीती होती, हे मला नंतर काही पालकांशी बोलताना कळले. ती भीती रास्त आहे. पगार, उसनवारी, कधी बायकोचे दागिनेही अशा अ‍ॅपमध्ये गेल्याच्या कहाण्या आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळवले जाणारे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्या कायद्याने निषिद्ध ठरवले. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धात्मक ऑनलाइन खेळ आणि करमणुकीचे सामाजिक ऑनलाइन खेळ यांना वेगळे स्थान देऊन प्रोत्साहनाची भाषा केली आहे. जो भेद कायद्याने केला तो आपल्या ठरावाने पुसून टाकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आजीबरोबर विनापैशाचा लूडो खेळणारा मुलगा आणि पगार लावून पत्ते खेळणारा माणूस यांना एकाच वाक्यात बसवणे अन्याय्य आहे.

म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे. आपल्या भागात गावोगावी वाचनालये आहेत, कडोली, येळ्ळूर, उचगाव यांसारखी गावे स्वतःच्या बळावर साहित्य संमेलने भरवतात. प्रत्येक वाचनालयाने खेळांची एक वही सुरू करावी. त्या गावात जो खेळ जसा खेळला गेला तसाच तो लिहावा : पट कसा आखत, दान कसे मोजत, सोंगटी मारल्यावर काय म्हणत, राज्य कोणावर येई हे ठरवताना कोणते गाणे म्हणत, लहानांना कोणती सूट असे. दोन गल्ल्यांचे नियम वेगळे असतील तर दोन्ही लिहावेत, त्यांतील बरोबर कोणता याचा निवाडा कृपया करू नये. शक्य असेल तिथे ज्येष्ठ मंडळींचे खेळणे त्याच मोबाइलवर चित्रित करून ठेवावे, विशेषतः हात, कारण कवड्या मुठीत कशा खुळखुळवायच्या हे लिहून समजत नाही.

ही वही तरुणांपर्यंत जायला हवी. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची स्थापना १९९८ मध्ये झाली, त्याचे मुख्यालय आपल्या बेळगावातच आहे, आणि आपल्यापैकी बहुतेक मंडळांत अभियांत्रिकी शिकणारी निदान दोन-चार मुले-मुली आहेत. मंडपाची रोषणाई संगणकावर बसवणाऱ्या त्या मुलांना पंचवीस घरांचा पट बसवणे जड नाही. शाळकरी मुलांसाठी स्क्रॅचसारखे विनामूल्य साधन आहे, त्यात ठोकळे जोडून प्रोग्राम लिहिता येतो. त्यांना सांगू या की असा खेळ करा ज्यात डाव सुरू होण्याआधी पडदा विचारेल : मारल्याशिवाय आत जायचे की नाही, आठ पडल्यावर पुन्हा दान आहे की नाही, लिंबूटिंबू कोण? तो खेळ मराठीत असावा, कन्नडमध्ये असावा, त्यात जाहिराती नसाव्यात आणि त्याचा प्रोग्राम सर्वांसाठी खुला असावा, म्हणजे निपाणीच्या मुलांना त्यात निपाणीचा नियम घालता येईल.

आणि मंडपातील ठरावाऐवजी उत्सवातील एक संध्याकाळ खेळांना द्यावी. एका बाजूला जमिनीवर खडूने आखलेले पट आणि खऱ्या कवड्या असाव्यात, दुसऱ्या बाजूला मोबाइल असावेत. पुण्या-मुंबईस आणि बंगळूरला गेलेली आपली माणसे त्या संध्याकाळी फोनवरून आपापल्या गल्लीविरुद्ध खेळू शकतील. बक्षिसासाठी खर्च करण्याची गरज नाही, विजेत्या गल्लीला कुंद्याचा एक डबा पुरे.

माझी वही मी सुरू केली आहे. आमच्या गल्लीच्या पटाचे अकरा नियम तिच्यात लिहून झाले, आईने त्यांतील दोन खोडून नव्याने लिहायला लावले. डावीकडची पाने मी मुद्दाम कोरी ठेवली आहेत. अक्का आता मुलीकडे हुबळीला असतात, पण गणपतीला त्या वडगावला येतात. यंदा त्या आल्या की त्यांच्या माहेरचे नियम त्यांच्याच हातून, त्यांच्याच लिपीत त्या पानांवर लिहून घेणार आहे. आज्जीच्या चार कवड्याही तेव्हा बाहेर काढू. नंतर ही वही मी आपल्यापैकी ज्या वाचनालयाला हवी असेल त्याच्याकडे स्वतः आणून देईन.

आपली,
वडगाव, बेळगाव येथील एक सभासद